बंद पडलेल्या लॅपटॉपमधील फाइली कशा वाचवाव्यात

मृगाचा पाऊस सुरू झाला की श्रीवर्धनपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यावर विजेचा लपंडाव सुरू होतो, दमट खारी हवा धातूच्या जोडांना गंज आणू लागते, आणि रात्री नीट बंद केलेला लॅपटॉप सकाळी चालूच होत नाही. अशा वेळी जीव अडकतो तो त्या यंत्रापेक्षा त्यातील आंब्याच्या हंगामाच्या हिशेबात आणि मुलांच्या फोटोंत. मात्र लॅपटॉप बंद पडणे आणि फाइली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार्जर, बॅटरी, मदरबोर्ड, स्क्रीन किंवा विंडोज यांपैकी काहीही बिघडले, तरी ज्या हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कवर) फाइली असतात ती बहुतेक वेळा शाबूत असते. म्हणून फाइली हाती येईपर्यंत विंडोज पुन्हा टाकू नये आणि दुरुस्तीला देताना ‘फॉरमॅट करू नये’ असे पावतीवरच लिहून घ्यावे. एसएसडीवरून पुसलेली माहिती ‘ट्रिम’ या, पुसलेली जागा आपोआप रिकामी करणाऱ्या सोयीमुळे बहुधा कायमचीच जाते.

लॅपटॉपमध्ये पाणी गेले असेल, तर तो चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. चार्जर काढावा आणि बॅटरी निघत असल्यास तीही काढावी. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप पुरून ठेवण्याचा उपाय आपल्याकडे हमखास सुचवला जातो, पण तांदूळ क्षार शोषत नाही आणि खरे नुकसान क्षारच करतो. चिपळुणात जुलै २०२१ मध्ये आला तसा पूर येऊन हार्ड डिस्क गढूळ पाण्यात बुडाली असेल, तर ती उन्हात वाळवू नये, कारण आतला गाळ माहिती साठवणाऱ्या तबकड्यांवर सुकून घट्ट बसतो. ती तशीच ओलसर, हवाबंद पिशवीत घालून डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी.

पाण्याचा संबंध नसेल, तर चार्जर काढून पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे, मग फक्त चार्जर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, असे असेल तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहावा. चित्र टीव्हीवर आले, तर बिघाड फक्त स्क्रीनचा आहे आणि फाइली तिथूनच पेनड्राइव्हवर घेता येतात.

लॅपटॉपला वीज मिळते, पण विंडोज उघडत नाही, हा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्यावरचा उपायही बिनखर्चाचा आहे. दुसऱ्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणाली) उतरवून घ्यावे आणि रुफस या मोफत प्रोग्रॅमने ते ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावे. तो जोडून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची (कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याच्या यादीची) कळ वारंवार दाबावी. डेल आणि लेनोवोमध्ये ती बहुधा एफ१२, तर एचपीमध्ये एफ९ असते. पुढे ‘ट्राय’ हाच पर्याय निवडावा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. सगळी मेहनत या एका निवडीवर अवलंबून असते. मग विंडोजची डिस्क साध्या फोल्डरसारखी उघडते. ती फक्त वाचण्यापुरती उघडली तरी हरकत नाही, आपल्याला तेवढेच हवे आहे.

नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा बिटलॉकर या विंडोजमधील सोयीने कुलूपबंद असते आणि ४८ अंकी किल्ली मागते. मायक्रोसॉफ्टचे खाते वापरत असल्यास ही किल्ली बहुधा त्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून पाहता येते. ती कुठेच मिळाली नाही, तर प्रयोगशाळाही त्या फाइली वाचू शकत नाही.

लॅपटॉप अगदीच निष्प्राण असेल, तर मागचे झाकण उघडून डिस्क बाहेर काढावी आणि यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीने जोडण्याच्या डबीत) बसवून दुसऱ्या संगणकाला जोडावी. केसिंग घेताना काढलेली डिस्कच दुकानात न्यावी, कारण एम.२ (पट्टीसारख्या बारीक) एसएसडी दिसायला सारख्या असल्या तरी साटा आणि एनव्हीएमई हे त्यांच्या जोडणीचे प्रकार वेगळे असतात. काही लॅपटॉपमध्ये मात्र एसएसडी मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते. तिथे आधी मदरबोर्डच दुरुस्त करावा लागतो.

हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर तिची वीज तत्काळ तोडावी. तिचे वाचक डोके तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते आणि त्याचा बिघाड घरी दुरुस्त होत नाही. आवाज नाही, पण वाचन अतिशय मंद आहे, अशा डिस्कची डीडीरेस्क्यू या लिनक्सवरील मोफत प्रोग्रॅमने आधी संपूर्ण प्रत काढावी आणि फाइलींचा शोध त्या प्रतीतच घ्यावा.

फाइली उतरवून घेताना केवळ आपल्या नावाचे फोल्डर घेऊन थांबू नये. टॅलीचे हिशेब बऱ्याचदा ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये असतात. श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टंकलेले जुने अर्ज आणि ठराव असतील, तर विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ फोल्डरही घ्यावे, नाहीतर फाइल उघडेल, पण मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतील. ४ जीबीपेक्षा मोठे व्हिडिओ एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मावत नाहीत. तो आधीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा. मग काही फाइली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि त्यानंतरच लॅपटॉप दुरुस्तीला द्यावा.