सेलमधली झाडं घेताय? या चुका टाळा

इंदूरच्या बऱ्याच मोठ्या सुपरमार्केटांत हल्ली बिल काउंटरच्या अलीकडे झाडांचा एक रॅक असतो. जेड, सिंगोनियम, मनी प्लांट, एखादा मिनी गुलाब. काही दिवसांनी पानं माना टाकायला लागली की त्यावर सवलतीचं स्टिकर चढतं आणि १९९ रुपयांचं झाड ९९ला येतं. ‘एवढ्यात तर नर्सरीत नुसती कुंडी येईल’ असं म्हणत आपण दोन उचलतो. त्यातलं एक महिन्याभरात कचरागाडीत जातं. आपण इंदूरकर, त्यामुळे तेही नियमाने ओल्या कचऱ्यात.

सेलचं झाड म्हणजे मेलेलंच, असं अजिबात नाही. बरेचदा ते चांगलं असतं, फक्त त्याची आबाळ झालेली असते. पानांची आबाळ डोळ्यांना दिसते आणि भरून निघते. मुळांची सड दिसत नाही आणि सहसा भरूनही निघत नाही. म्हणून असं झाड वरून नाही, खालून बघायचं.

फुलं बघून भुलणं

पूर्ण फुललेलं झाड घरी आणलं की फुलं गळायलाच लागणार. त्यापेक्षा कळ्या असलेलं, आणि त्याहून चांगलं म्हणजे टोकाला नवी पालवी दिसणारं झाड बघा. मग कुंडी उचला आणि बुडाच्या भोकांतून डोकवा. पांढरी किंवा फिकट मुळं बाहेर डोकावत असतील तर हरकत नाही. मुळं काळी, बुळबुळीत असतील किंवा नाकाला कुबट वास आला तर फुकट मिळालं तरी नको. अडेनियम आणि झीझी प्लांट बुंध्याशी हलकेच दाबून बघावेत, मऊ लागले तर आत सड आहे.

कॅक्टसच्या डोक्यावर लालभडक कागदी फूल दिसलं तर ते बहुधा गोंदाने चिकटवलेलं असतं. मातीवरचे रंगीत खडेही कधी कधी असेच चिकटवतात. मग पाणी आत जात नाही आणि गेलं तर लवकर वाळत नाही. खडे उचकटून टाका. फूल ओढताना मात्र जपून, त्याबरोबर कॅक्टसची सालही निघते.

कोकोपीटला माती समजणं

सर्वात जास्त झाडं इथेच दगावतात. ही झाडं बहुधा मातीत नसतात, कोकोपीटमध्ये म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्यात असतात. ट्रकमध्ये वजन हलकं पडतं आणि ओलावा टिकतो, म्हणून मोठ्या नर्सऱ्यांना ते परवडतं. पण कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की आक्रसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि सहजी पाणी धरत नाही. वरून तांब्याभर पाणी ओता, ते कडेच्या फटीतून सरळ खाली बशीत येतं. आपल्याला वाटतं झाडाला पाणी मिळालं, पण मुळांचा गोळा आतून कोरडाठाक. दुसऱ्या दिवशी पानं आणखी लोळतात, आपण आणखी पाणी ओततो.

उपाय सोपा आहे. बादलीत कुंडीच्या अर्ध्यापर्यंत येईल एवढं पाणी घ्या आणि कुंडी त्यात अर्धा तास ठेवा. खालून पाणी चढून वरचा थर ओला दिसला की काढा आणि पूर्ण निथळू द्या. त्यानंतर मात्र बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागल्याशिवाय पाणी नको, कारण वरचा थर वाळला तरी आत ओल असतेच. कुंडी उचलून बघायची सवय लावली तर वजनावरूनच कळतं.

बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोक आहे का, तेही बघा. बऱ्याचदा नसतं, आणि तळाशी साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात. बोअरचं जड पाणी रोज घातलं तर मातीवर पांढरी पापडी येते आणि पानांची टोकं करपतात. नळाला एक दिवसाआड नर्मदा येते त्या घरांत एक बादली झाडांसाठी भरून ठेवलेली बरी.

आणल्या दिवशीच काळ्या मातीत लावणं

उत्साहाच्या भरात हे हमखास होतं. झाड आधीच दमलेलं असतं, त्यात आपण मुळं हलवतो. एक-दोन आठवडे आहे त्या कुंडीत राहू द्या. मुळंच सडत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा सडलेला भाग कापून ताबडतोब हलवावं.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि शेतात तो रास्तच आहे. कुंडीत मात्र ती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगते, चिकट होते आणि हवा कोंडते. वाळली की भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. कोकोपीटचा गोळा तसाच तिच्यात बसवला तर उन्हाळ्यात भोवतीची माती त्यातली ओल ओढून घेते आणि गोळा मधोमध सुका राहतो. पावसाळ्यात उलटं. अंगणातल्या काळ्या मातीतला खड्डा म्हणजे बिनभोकाची कुंडीच, पाणी जाणार कुठे? एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग कुजलेलं शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं खत, एवढं मिश्रण बहुतेकांना पुरतं. लावताना गोळ्याच्या कडा बोटांनी थोड्या मोकळ्या करा. मधोमध जाळीचा किंवा कापडाचा छोटा कप सापडला तर जपून कापून काढा. रोप लहान असताना ते त्यात वाढवलेलं असतं आणि पुढे तोच कप मुळांना आवळतो.

एसीतून थेट गच्चीवर

दुकानात ट्यूबलाइट आणि एसी, बाहेर मे महिन्यात ४२ अंश. पानं तासाभरात भाजतात. त्यातून स्कूटरवर पायाशी उघडं ठेवून विजयनगरहून सुदामानगरला आणलं तर लू त्यांचं उरलंसुरलं पाणी शोषून घेते. झाड वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, आणि उन्हाळ्यात खरेदी संध्याकाळीच करा. माळव्याच्या रात्रींचं नाव उगीच झालेलं नाही. घरी आल्यावर आधी उजेडाची सावली, मग आठवडाभर फक्त सकाळचं कोवळं ऊन, मग गच्ची.

गुलाबाचा खुंट न बघणं

सेलच्या गुलाबावर हिरवीगार फूट दिसली की लोक खूश होतात. ती फूट कुठून आली ते आधी बघा. बुंध्याजवळ डोळा भरलेली, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचं कलम केलेली जागा गाठीसारखी दिसते, कधी प्लास्टिकची पट्टीही तशीच असते. गाठीच्या वरच्या काड्या वाळलेल्या आणि खालून जोरदार फूट, म्हणजे भरलेला गुलाब मेलेला आहे आणि तुम्ही जंगली खुंटाचे पैसे देताय. वरची काडी जिवंत असेल तर खालची फूट मुळापासून ओढून काढा. पट्टी मात्र सोडवून टाका, नाहीतर ती सालीत रुतते.

नवं झाड लगेच जुन्यांत नेऊन ठेवणं

पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. धुळीसारखे ठिपके पडले आणि ते चालायला लागले तर लाल कोळी आहे. देठांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. दोन आठवडे वेगळं ठेवा. लिटरभर पाण्यात ५ मिलि नीमतेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब ढवळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. उन्हात नको, पानं करपतात.

हंगाम संपताना हंगामी फुलं घेणं

फेब्रुवारीअखेर पेटुनिया आणि पॅन्सी निम्म्या किमतीत मिळतात ते उगीच नाही. राजवाड्यावर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते तोवर पॅन्सीचा खेळ आटोपत आलेला असतो, आणि पेटुनियाही पुढच्या कडक उन्हात टिकत नाही. शेवंतीचं तसं नाही. फुलं संपल्यावर छाटली की बुंध्याशी नवे कोंब येतात, ते वेगळे लावून पुढच्या वर्षीची रोपं होतात. नाताळानंतर स्वस्त होणारं लाल पानांचं पॉइन्सेटियाही घेण्यासारखं आहे. रंगीत पानं गळाल्यावर मार्चमध्ये निम्म्यावर छाटा. हातमोजे घाला, चीक त्वचेला त्रास देतो. पुढे ऑक्टोबरपासून त्याला रोज रात्री सलग बारा-चौदा तास अंधार लागतो. गॅलरीसमोरच रस्त्याचा दिवा असेल तर ते नुसतं हिरवंच राहील, मग कुंडी मागच्या बाजूला हलवा.