मोनार्क फुलपाखरं बघायचीत? मग मिल्कवीडपाशी थांबा

मार्च-एप्रिलमध्ये टेक्सासच्या बाजूला असाल तर मोनार्कच्या मागे पळू नका, मिल्कवीडचे (आपल्या रुईच्याच कुळातलं झाड) कोवळे कोंब शोधा आणि तिथेच शांत बसा, कारण मेक्सिकोतून परत आलेल्या माद्या अंडी घालायला तिथेच येतात, पंख विटलेले, कडा फाटलेल्या, बघून खरंच जीव हळहळतो. मादी पानावर बसली की आधी पायांनी पान चाचपते, चवच घेते ती, मग पोट वाकवून पानाखाली एकच अंडं चिकटवते आणि निघते पुढे. ती गेल्यावरच पान उलटून बघा, टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका ठिपका दिसेल. मागच्या पंखावर काळा ठिपका असेल तर तो नर. ऊन तापल्यावर जा, गारठ्यात ती उडत नाहीत.