रॉस-स्मिथला जायचंय? आधी ओहोटीची वेळ बघा

उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं आहेत, मध्ये वाळूचा दांडा. पोर्ट ब्लेअरसमोरचं (शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम) रॉस वेगळं (त्याचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप), बुकिंग करताना घोळ घालू नका.

दांडा पुरता उघडा पडतो तो ओहोटीला. म्हणून विमानाच्या तिकिटाआधी ओहोटीची वेळ बघा. ती सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान येईल असा दिवस धरा. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मुक्काम दोन दिवसांनी हलला की ओहोटी पावणेदोन तास लांबली. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आपला कोकणातला हिशेब तिथे चालवू नका. किनारा बदलला की वेळ बदलते. मोबाइलवर बघताना वेळ भारतीय आहे की ग्रिनिचची, ते तपासा. साडेपाच तासांचा फरक म्हणजे ओहोटी समजून जवळजवळ ऐन भरतीत पोहोचाल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर हटतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फारसं उतरतच नाही.

पोर्ट ब्लेअर ते दिगलीपूर रस्त्याने जवळपास ३०० किलोमीटर. जिरकाटांगहून गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळीच सुटतो, पुढे बाराटांगला फेरी, म्हणजे अख्खा दिवस गेला. त्याच दिवशी बेट उरकायचा विचारही नको. वाटेत जारवा आदिवासींच्या राखीव जंगलात थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत.

बोट दिगलीपूरजवळच्या एरियल बेच्या जेटीवरून. वनखात्याची परवानगी तिथेच घ्यायची; ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स आणि रोख पैसे हवेत. नेटवर्कच्या भरवशावर ऑनलाइन पैसे द्यायला जाऊ नका. बोटवाल्याला पहिला प्रश्न भाड्याचा नाही, ओहोटीचा: आज किती वाजता? ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचा. पाणी फिरल्यावर पहिला तास हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने. दांड्यावर दोन्हीकडून लाटा भिडायला लागल्या की बोटीच्या बाजूला या, पलीकडे अडकू नका.

वाळूतल्या बारीक माश्या चावलेलं तेव्हा कळतही नाही, रात्री खाज सुटते आणि खाजवलं की चिघळतं. पायांना खोबरेल तेल जाडसर चोपडा, ओल्या वाळूत बसू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी खाडीच्या, खारफुटीच्या बाजूला असतात. जीवरक्षक सांगेल तिथेच पोहा.

पाणी माणशी दोन लिटर. टोपी, टॉवेल नेहमीचं. हिवाळ्यात पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, परतीची वेळ बोटवाल्याशी आधी ठरवा. शिंपले, प्रवाळ उचलू नका, विमानतळावर पकडतात. आणि आदल्या संध्याकाळी ओहोटीची वेळ पुन्हा एकदा विचारा.