चांगथांगला जाताना एक घट्ट झाकणाचा डबा घ्या

लडाखमधल्या चांगथांग पठारावरच्या त्सो मोरिरी सरोवराच्या काठावर टाकलेल्या उरल्यासुरल्या पोळ्या-भातावर मोकाट कुत्री पोसली जातात. जमिनीवर घरटं करणाऱ्या काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी-पिल्लं हीच कुत्री फस्त करतात.

१. बिस्किटं, फरसाण लेहमध्येच पाकिटांतून डब्यात काढा. कचरा तिथेच कमी होतो.
२. डबा रिकामा होत जाईल तसं त्यात खरकटं भरा. साली, हाडं, चहाची पावडरसुद्धा. ४,५०० मीटरवरच्या थंडीत सालही लवकर कुजत नाही.
३. डबा लेहला परत आणा.

चांगपा या इथल्या भटक्या पशुपालकांच्या रेबोजवळ, म्हणजे याकच्या केसांच्या तंबूजवळ, सरळ चालत जाऊ नका. राखणीचे कुत्रे अंगावर येतात. लांबूनच ‘जुले’ (लडाखी नमस्कार) म्हणा, कुणी बाहेर येईपर्यंत थांबा.