आमदारांच्या नावावर नेमके किती कायदे? नोंद तपासायची रीत

निवडणुकीच्या वर्षात कार्यअहवालांचं पीक येतं. गुळगुळीत कागद, हात जोडलेला फोटो आणि आत कुठेतरी 'मंजूर करून घेतलेले कायदे व ठराव' असा तक्ता. तो तपासायला मंत्रालयात ओळख असावी लागत नाही. एक वही आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी असल्या की पुरे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकं, दिवसाचे कामकाजाचे क्रम आणि सभागृहाची कार्यवाही मिळते; अधिनियम शासनाच्या असाधारण राजपत्रात छापले जातात.

आधी हद्द आखून घ्या. एका वेळी एकच सभागृह आणि एकच कार्यकाळ. विधानसभा (२८८ सदस्य) आणि विधान परिषद (७८) यांच्या विधेयकांचे क्रमांक वेगवेगळे चालतात. 'विधानसभा विधेयक क्रमांक ५' आणि 'विधान परिषद विधेयक क्रमांक ५' एकाच वर्षात असू शकतात, आणि वहीत नुसतं 'विधेयक ५' लिहिलंत की पुढचा सगळा हिशेब चुकतो. शोध आडनावावर घेऊ नका. पाटील किंवा शिंदे आडनावाचा सदस्य सभागृहात एकटाच नसतो. पूर्ण नाव आणि मतदारसंघ, दोन्ही जुळले तरच नोंद करा.

आता मुख्य गाळणी: विधेयक मांडलं त्या दिवशी ही व्यक्ती कोण होती, मंत्री की साधा सदस्य? विधेयकाची छापील प्रत उघडा आणि थेट शेवटच्या पानांवर जा. तिथे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, त्याखाली ठिकाण, तारीख आणि नाव. नावाखाली अमुक खात्याचे मंत्री असं असेल तर ते शासकीय विधेयक. नुसतं प्रभारी सदस्य (विधेयक मांडणारा सदस्य) असेल तर अशासकीय. या एका ओळीवर निम्मे दावे गळून पडतात. शासकीय विधेयक म्हणजे मंत्रिमंडळाचा निर्णय, खात्याचा मसुदा आणि मंत्र्याची सही. वित्तमंत्र्यांच्या नावावर तर विनियोजन विधेयकं (तिजोरीतून खर्च करायला परवानगी देणारी) ओळीने जमतात, कारण अर्थसंकल्प आणि पुरवणी मागण्या दोन्हींपाठोपाठ ती येतातच. त्यात वैयक्तिक कर्तबगारी शोधणं म्हणजे पोस्टमनने किती पत्रं लिहिली हे मोजण्यासारखं आहे.

(अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींची इथे हमखास गल्लत होते. तिथल्या राज्यांत गव्हर्नर आणि त्याचे खातेप्रमुख सभागृहाचे सदस्य नसतात. त्यामुळे बहुतेक विधेयकांना कुणा ना कुणा सदस्याचं नाव लागतं आणि यशस्वी विधेयकांची संख्या हे तिथे कामाचं एक माप ठरतं. आपल्याकडे तेच माप लावलं की मंत्री नसलेले बहुतेक सगळे आमदार शून्यावर बाद होतात.)

अशासकीय विधेयकांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकापुढे पाच रकाने आखा: पुरःस्थापित (म्हणजे सभागृहात पहिल्यांदा मांडलं), विचारार्थ घेतलं, या सभागृहात संमत, दुसऱ्या सभागृहात संमत, राज्यपालांची अनुमती. प्रत्येक रकान्यात तारीख लिहा, बरोबरची खूण नको. अहवालांत 'विधेयक मांडले' आणि 'विधेयक आणले' हे शब्द अशा बेताने वापरलेले असतात की वाचणाऱ्याला कायदा झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात पुरःस्थापना हा पहिला उंबरठा. पुढे अशासकीय कामकाजाला साधारणपणे शुक्रवार मिळतो, आणि दोन आठवड्यांच्या अधिवेशनात शुक्रवार असतात किती? बॅलटमध्ये (कोणतं विधेयक आधी घ्यायचं याच्या सोडतीत) नंबर लागला तरी खर्चाचा अडसर असतो. राज्याच्या एकत्रित निधीतून (सरकारच्या मुख्य तिजोरीतून) खर्च करावा लागेल असं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय संमत करता येत नाही (संविधानाचा अनुच्छेद २०७). ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते, म्हणजे सरकारला नको असलेलं विधेयक तिथेच थांबतं. देशपातळीवरही चित्र वेगळं नाही: संसदेने आजवर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे केले, शेवटचा १९७० मध्ये. तेव्हा एखाद्या पुस्तिकेत 'माझे सात अशासकीय कायदे' दिसले तर शाई वाळायच्या आत क्रमांक मागा.

क्रमांक म्हणजे अधिनियमाचा, विधेयकाचा नव्हे. कायदा झाला असेल तर राजपत्रात 'सन अमुकचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक तमुक' असं सापडलंच पाहिजे. इथे वर्षांचा घोळ होतो. रोजगार हमी अधिनियमाच्या नावात १९७७ आहे, क्रमांक मात्र १९७८ चा २०, आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिन्ही तारखा खऱ्या आहेत, म्हणून तिन्ही लिहा. याच कायद्यातून दुसरी गोष्टही दिसते. रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, आणि ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती. प्रभारी सदस्यांच्या यादीत शोधलं तर त्यांचं हे सर्वांत मोठं काम सापडणारच नाही.

दोन्ही सभागृहांत संमत झालं म्हणजे संपलं असंही नाही. केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरणारं समवर्ती सूचीतलं (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावरचं) विधेयक राष्ट्रपतींकडे जातं. महिला आणि बालकांवरील अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्हीकडे संमत झालं. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने ते कायदा झालंच नाही. शिवाय विधानसभा विसर्जित झाली की तिच्यासमोर प्रलंबित असलेली, तसंच तिने संमत करून परिषदेत पडून असलेली विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे आपोआप रद्द होतात (अनुच्छेद १९६). नुसत्या सत्रसमाप्तीने, म्हणजे अधिवेशन संपल्याने, ती जात नाहीत. कार्यकाळाच्या शेवटच्या वर्षातली विधेयकं म्हणून जरा बारकाईने पाहा.

ठरावांचा भाग वेगळ्या पानावर घ्या, कारण त्यात भेसळ जास्त. शोकप्रस्ताव, अभिनंदनाचे प्रस्ताव, विधानसभा नियम २९३ खालच्या चर्चा, लक्षवेधी सूचना ही सगळी 'ठराव' या मथळ्याखाली कोंबलेली आढळतील. लक्षवेधी हा ठराव नाही. मंत्र्याने उत्तर दिलं की ती संपली. उरलेल्यांत शासकीय आणि अशासकीय वेगळे करा आणि मंजूर ठरावापुढे एकच प्रश्न लिहा: मग शासनाने काय काढलं? शासन निर्णय, परिपत्रक, केंद्राला पत्र, की काहीच नाही? ठराव ही शिफारस असते, कायद्यासारखा बंधनकारक नसतो. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला: सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही त्याप्रमाणे ठराव केला. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, तोही सत्याग्रहाने. बोल्यांच्या नावापुढे 'मंजूर' लिहाल, पण शेजारच्या 'अंमल' या रकान्यात काय लिहाल ते नीट ठरवा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो मागे घेतलेल्या विधेयकांना. अशासकीय विधेयकाचा नेहमीचा शेवट हाच: चर्चा होते, मंत्री म्हणतात, 'शासन यावर सर्वंकष कायदा आणेल, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावे', आणि ते मागे घेतलं जातं. वरवरच्या मोजणीत हे अपयश. पण त्या दिवसाची कार्यवाही काढा, मंत्र्याचं वाक्य शब्दशः उतरवा आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याच विषयावर शासकीय विधेयक आलं का ते बघा. असं वाक्य आश्वासन ठरलं तर विधानमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातं. तिच्या अहवालांतही शोधा. डॉ. आंबेडकरांनी खोती (कोकणातली खोतांची जमीनदारी) नष्ट करण्याचं विधेयक १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडलं, ते संमत झालं नाही; खोती रद्द करणारा मुंबईचा अधिनियम १९४९ चा आहे. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी करणारा अशासकीय ठराव विधान परिषदेत १९९५ मध्ये मंजूर झाला, विधानसभेने डिसेंबर २००५ मध्ये संमत केलेलं विधेयक परिषदेत अडकून राहिलं, ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये अधिनियम, २०१३ चा ३०. या अठरा वर्षांतली मेहनत एका नावावर टाकता येत नाही. उलट १९१८ चा मुंबईचा प्राथमिक शिक्षण कायदा पाहा: विठ्ठलभाई पटेल सरकारात नव्हते, विधेयक त्यांचं आणि कायदाही झाला. अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच निघतात.

विषय जुळवताना मात्र शीर्षकावर जाऊ नका. दोन्ही मसुदे शेजारी ठेवा. व्याख्येचा खंड किंवा शिक्षेचा खंड जवळपास तसाच आला असेल तर श्रेय द्या. नुसता विषय सारखा असेल तर 'संबंधित' एवढंच लिहा. विधेयकाच्या खंडशः (एकेका कलमाच्या) विचाराच्या वेळी स्वीकारलेल्या दुरुस्त्याही याच फेरीत टिपा. एखाद्या आमदाराने सुचवलेली दोन शब्दांची दुरुस्ती कायद्यात कायमची राहते आणि कार्यअहवालात तिचा मागमूस नसतो.

जे ऑनलाइन सापडत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. विधेयक कुठवर आलं हे विधानमंडळ सचिवालयाला विचारा आणि अनुमतीचं विधि व न्याय विभागाला. राज्य शासनाच्या विभागाकडचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'अमुक आमदारांनी काय काय केले' असा प्रश्न टाकलात तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर येईल. विधेयकाचं सभागृह, क्रमांक आणि वर्ष लिहून 'सद्यःस्थिती व शेवटच्या कार्यवाहीचा दिनांक कळवावा' एवढंच मागा, आणि प्रत्येक विधेयकासाठी वेगळा अर्ज करा.