‘स्टारबोर्ड!’ अशी आरोळी आल्यावर ठरवू नका: क्लबच्या शिडशर्यतीतल्या या चुका टाळा

पोर्ट टॅकवाल्याने (वारा होडीच्या डाव्या बाजूने) स्टारबोर्ड टॅकवाल्याला (वारा उजव्या बाजूने) वाट द्यायची, हा नियम पहिल्या आठवड्यातच पाठ होतो. तरी मी जवळून पाहिलेल्या बहुतेक धडका याच प्रसंगातल्या आहेत. नियम कुणाला ठाऊक नव्हता असं नाही, ठरवायला उशीर झाला.

आधी आपण कुठल्या टॅकवर आहोत हे क्षणात कळलं पाहिजे. वारा उजवीकडून येत असेल तर स्टारबोर्ड. गडबडीत वाऱ्याची दिशा सुचत नाही, तेव्हा बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, बघा. बूम डावीकडे असेल तर स्टारबोर्ड, उजवीकडे असेल तर पोर्ट. मग समोरच्या होडीमागचा किनारा बघा. तिचं नाक किनाऱ्यावरची झाडं-घरं झाकत पुढे सरकत असेल, तर ती तुमच्या पुढून जाणार. झाडं तिच्या नाकापुढे उघडी पडत असतील, तर तुम्ही पुढून निघाल. आणि काहीच हलत नसेल तर धडक ठरलेली आहे.

पहिल्या हंगामात आम्ही हे सगळं बघितलं होतं, मागून जायचं हेही ठरलं होतं. सुकाणू ओढलं, पण होडी वळेचना. मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, घट्ट ताणलेली होती, त्यामुळे मोठं शीड आमचं नाक वाऱ्याकडेच ढकलत होतं. शेवटी आमचं नाक समोरच्या होडीच्या मागच्या कोपऱ्यावर आपटलं आणि फायबरचा हातभर टवका उडाला. तेव्हापासून क्रम पक्का आहे: आधी मेनशीट सोडायची, वजन वाऱ्याच्या बाजूला टाकून होडी सरळ करायची, मग सुकाणू. हे होडीच्या चार-पाच लांब्या आधीच केलं, तर तिच्या मागच्या टोकाशी पोहोचेपर्यंत तुम्ही वेग घेऊन परत वाऱ्यावर चढत असता आणि नुकसान फार थोडं होतं.

स्टारबोर्डवाल्यांचीही चूक असते. हक्क आहे म्हणून धडक मारायची मुभा नाही. समोरचा वाट देत नाही हे स्पष्ट झालं की शक्य असेल तर टक्कर टाळायची जबाबदारी तुमचीही असते. दिशा बदललीत तर समोरच्याला बाजूला व्हायला जागा द्यावी लागते. तो तुमच्या मागून जायला निघाला असताना त्याच्याच दिशेने खाली वळणं तर साफ चुकीचं. ‘स्टारबोर्ड’ ओरडणं नियमाने बंधनकारक नाही, पण मी दरवेळी ओरडते, आणि लवकर ओरडते.

सुरुवातीच्या रेषेवरची नेहमीची चूक म्हणजे कमिटी बोटीच्या (रेषेच्या एका टोकाला उभ्या आयोजकांच्या बोटीच्या) बाजूने वरून, म्हणजे वाऱ्याकडून, घुसणं. एकाच टॅकवर दोन होड्या शेजारी असतील तर वाऱ्याकडची होडी बाजूला होते. पाण्यात मोकळ्या असलेल्या स्टार्ट मार्कपाशी (रेषेच्या टोकाच्या खुणेपाशी), सुरुवात करायला येताना, आतली जागा मागायचा हक्क नसतो. खालच्या, म्हणजे वाऱ्यापासून दूरच्या, होडीने फट बंद केली तर तुम्ही बोटीवर आदळाल, आणि दोषही तुमचाच.

रेषेचं कुठलं टोक वाऱ्याच्या जास्त जवळ आहे, हे फार थोडे लोक तपासतात. रेषेवर होडी नाक वाऱ्यात धरून थांबवा. नाक ज्या टोकाकडे झुकेल ते टोक फायद्याचं. 100 मीटरच्या रेषेत 10 अंशांचा तिरकेपणा म्हणजे दोन टोकांत सुमारे 17 मीटरचा फरक, तोही शर्यत सुरू होण्याआधीच. मात्र सगळ्या होड्या त्याच टोकाला गर्दी करत असतील, तर मी थोडं खाली सरकून मोकळा वारा घेते.

वरच्या मार्कला, म्हणजे वाऱ्याकडच्या वळणाच्या खुणेला, पोर्ट टॅकवरून शेवटच्या क्षणी येणं हा असाच जुगार. तिथे स्टारबोर्डवाल्यांची रांग लागलेली असते. मार्कपासून तीन लांब्यांच्या आत तुम्ही टॅक घेतलीत (नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदललीत) आणि आधीपासून स्टारबोर्डवर आत आलेल्या होडीला त्यामुळे वाऱ्यात जास्त वर चढावं लागलं, तर दोष तुमचा. शिवाय नाक वाऱ्याच्या पलीकडे गेल्यापासून नव्या टॅकच्या क्लोज-हॉल्ड (वाऱ्याच्या जमेल तितक्या जवळच्या) दिशेवर येईपर्यंत सगळ्यांपासून दूर राहायची जबाबदारी तुमची असते. रांगेत थोडं मागे, पण दहा-बारा लांब्या आधीच शिरा.

चूक झालीच तर वाद घालत बसू नका. लगेच बाजूला व्हा आणि एकाच दिशेने दोन पूर्ण फेरे घ्या, प्रत्येकात एक टॅक आणि एक जाइब (मागचं टोक वाऱ्यातून फिरवणं). फक्त मार्कला स्पर्श झाला असेल तर एकच फेरा. फेरे घेताना इतर सगळ्यांना वाट द्यायची असते. फिनिश लाइनपाशी चूक झाली तरी फेरे चुकत नाहीत. ते संपवून होडी पूर्णपणे रेषेच्या शर्यतीकडच्या बाजूला आणायची आणि मगच रेषा ओलांडायची.