एकटा मोठा मासा घेताय? आधी फरशीवर टाकी आखा

दुकानातला दोन इंचांचा ऑस्कर हा शोभेचा मासा वर्षभरात दहा इंचांच्या घरात जातो आणि दोन फुटी टाकीत अडकून पडतो. ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये म्हणूनच आधी जागा बघावी, मग मासा.

१. टाकी जिथे ठेवायची तिथे फरशीवर चिकटपट्टीने तिची लांबी-रुंदी आखा.

२. पूर्ण वाढलेल्या माशाएवढी सुतळी कापा. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्नसाठी साधारण १२ इंच, अरोवानासाठी तीन फूट. सुतळी रुंदीत आडवी धरून फिरवा. चौकटीबाहेर गेली तर तो मासा नको. लांबी कितीही असो, वळता आलं नाही तर जनावराचे हाल होतात. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीत माझी पसंती ऑस्करला. घरच्यांना ओळखून काचेपाशी येतो.

३. दुकानदाराला समोर दाणे टाकायला सांगा. झडप घालणारा घ्या, पंख मिटून कोपऱ्यात बसलेला नको.

नंतर झेपत नाही म्हणून ठाण्यातल्या उपवन किंवा मासुंदा तलावात मात्र सोडू नका, तिथले लहान मासे तो फस्त करेल. परत घ्याल का, हे दुकानदाराला घेतानाच विचारून ठेवा.